थर सुटलेला दगड

पहिला दिवस : पुणे ते हरिहरेश्वर

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. भाचीची सहामाही संपली होती, माझी रजा शिल्लक होती आणि तुळशीच्या लग्नाला यायचंच म्हणून गुहागरकडच्या आत्याचे दोन फोन येऊन गेले होते. तेवढं निमित्त पुरलं. किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या रात्री कपाटातला पत्र्याचा डबा काढून पिशवीत टाकला. त्यात कापसात गुंडाळलेला ॲमोनाइट आहे, म्हणजे एका नामशेष समुद्री प्राण्याचा दगड झालेला शिंपला. मूठभर आकाराचा, फुगीर, अंगावर कंगोरे, मधे खोल नाभी. एम.एस्सी.च्या सहलीत कच्छमधून आणलेला, त्याला आता वीस वर्षं झाली. त्या सहलीत आम्ही कीरा डोंगरावरचा सोनेरी ऊलाइट (बारीक गोल दाण्यांचा खडक) पाहिला आणि दुसऱ्या दिवशी धोसा ऊलाइटचा थर पाहिला. दोन्हीकडचे नमुने मी एकाच पिशवीत भरले. नंबर रात्री मुक्कामावर घालू म्हटलं आणि रात्री झोप लागली. सकाळी सरांनी पिशवी उघडून पाहिली. रागावले नाहीत. हा दगड हातात घेऊन म्हणाले, "छान आहे. पण आता हा कुठल्या थरातला, ते कोण सांगणार?" ते वाक्य मला अजून बोचतं. नंतरची सगळी वर्षं मी प्रत्येक नमुन्याला जागच्या जागी चिठ्ठी बांधत आले. या एकाला मात्र चिठ्ठी नाही.

भाचीने गाडीत बसल्याबसल्या विचारलं, "मावशी, कोकणात डायनोसॉरच्या काळातले खडक कुठे दाखवशील?" मी म्हटलं, बहुतेक वाटभर तेच बघायचेत, पण ते त्या काळाच्या अगदी शेवटचे. ज्युरासिक म्हणशील तर ते कोकणात नाहीत. का नाहीत, ते मालवणला पोचेपर्यंत कळेल.

ताम्हिणीत एका वळणावर गाडी कडेला घेतली. पावसाळा सरून महिना झाला तरी दरडीतून पाणी झिरपत होतं. इथला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. म्हणून तर या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, स्वीडिश भाषेत पायऱ्यांसाठी जो शब्द आहे त्यावरून. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक प्रवाह. दोन काळ्या प्रवाहांच्या मधे वीतभर जाडीचा विटकरी मातीचा पट्टा होता. तो भाचीला हाताने चाचपायला लावला. खालचा लाव्हा थंड झाला, त्याच्यावर ऊन-पाऊस पडून माती झाली आणि मग वरचा प्रवाह येऊन ती माती भाजून निघाली. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, ते नुसत्या नजरेने सांगता येतं. खालचं आधीचं, वरचं नंतरचं. निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये मांडलेला हा नियम वाचताना फार साधा वाटतो. पण आमचं सगळं शास्त्र त्याच्याच खांद्यावर उभं आहे.

"पण किती आधी?" तिने विचारलं. खरा प्रश्न तोच. थरांच्या क्रमावरून आधी-नंतर कळतं, आकडा कळत नाही. आकड्यासाठी या तांबड्या मातीतच शोधावं लागलं. लाव्हा फुटत असताना कधीमधी राखही उडायची. ती या मातीत पडली आणि राखेबरोबर झिरकॉनचे बारीक स्फटिक आले. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. आज त्या स्फटिकात दोन्ही किती आहेत ते मोजलं की स्फटिक कधी जन्मला ते कळतं. अशा मोजणीतून सह्याद्रीच्या लाव्हाचं वय ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास नक्की झालं. डायनोसॉर संपले तेही याच सुमारास.

हरिहरेश्वरला पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता. जेवून झोपलो.

दुसरा दिवस : हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी, केळशी

प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी असते, म्हणून उजाडताच उतरलो. पायऱ्या संपल्या की समोर समुद्राने तासून सपाट केलेला बेसाल्ट, म्हणजे तोच थिजलेला काळा लाव्हा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं. खारं पाणी खळग्यात साठतं, वाळतं, मीठ फुगतं आणि दगड कणाकणाने सुटतो. भाची अर्धा तास त्या भोकांत खेकडे बघत राहिली. मीही घाई केली नाही.

बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवली आणि वेशवीला उतरलो. तिथून केळशी.

केळशीच्या किनाऱ्यावरची वाळूची टेकडी भूशास्त्राइतकीच पुरातत्त्वाचीही आहे. तिच्या पोटात खापरं, हाडं, कोळसा यांचे थर मिळाले आणि बहमनी काळातली नाणीही. मी इथे मुद्दाम थांबले. भाचीला ज्युरासिकची कालगणना समजावण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नव्हती.

म्हटलं, समज या वाळूच्या एका थरात तुला एक नाणं सापडलं. वाळूचे कण तर डोंगरातून आलेत, ते कोट्यवधी वर्षांचे. त्यांचं वय काढून थराचं वय कळेल का? नाही. नाणं पाडलं गेलं त्याच्याआधी हा थर बसलेला असूच शकत नाही, हे मात्र नक्की. आणि ते नाणं थोडीच वर्षं चलनात होतं आणि पुष्कळ गावांत फिरलं असेल, तर तसंच नाणं दुसऱ्या कुठल्या गावी मातीत मिळालं की तो थरही साधारण याच वेळचा म्हणायचा.

ॲमोनाइट म्हणजे ज्युरासिक समुद्राची नाणी. शिंपल्यात राहणारा, माकूळ आणि नळ यांच्या गोतावळ्यातला प्राणी. पोहत किंवा वाहत दूरवर जायचा, भरपूर असायचा आणि त्याच्या जाती झपाट्याने बदलायच्या. जी जात थोडा काळ टिकली आणि दूरवर पसरली, ती कालगणनेला सोन्यासारखी. १८५६ ते १८५८ या काळात आल्बर्ट ओपेल या जर्मन संशोधकाने युरोपातल्या ज्युरासिक खडकांचे असेच विभाग पाडले. खडकाचा रंग, पोत काहीही असो, आत कुठले जीवाश्म एकत्र येतात, एवढंच त्याने पाहिलं. त्याच्या आधी लिओपोल्ड फॉन बुखने ज्युरासिकचे काळा, तपकिरी आणि पांढरा असे रंगावरून तीन भाग केले होते. जर्मनीत ते चालतं. पण शेजारच्या देशात त्याच काळात समुद्र वेगळा गाळ टाकत असेल तर काळ्याचा पांढरा होतो आणि हिशोब बसत नाही. ओपेलने रंग सोडून जीवाश्म धरला, हे मला आजही मोठं धैर्याचं काम वाटतं.

"मग पिक्चरमध्ये ज्युरासिक म्हणतात ते?" ते नाव जुरा पर्वतावरून पडलं, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या. तिथल्या चुनखडकाला अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने अठराव्या शतकाच्या अखेरीस ते नाव दिलं. हा काळ २० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि साडेचौदा कोटींच्या आसपास संपला. त्याचे अकरा टप्पे केलेत. बॅथोनियन, कॅलोव्हियन, ऑक्सफर्डियन ही नावं इंग्लंडातल्या बाथ, केलवेज, ऑक्सफर्ड या गावांवरून आली. भाची म्हणाली, "म्हणजे पुणेकरांनी केलं असतं तर नारायणगावियन झालं असतं." झालं असतं खरं. कच्छमध्ये तसंच झालं. फर्डिनांड स्टोलिच्काने तिथले खडक पच्छम, चारी, कत्रोल आणि उमिया अशा चार गटांत लावले, गावांच्या नि डोंगरांच्या नावांनी.

इथे एक भेद तिला नीट सांगितला. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा त्यात वर्षभर गोंधळतात. 'चारी' हे खडकाचं नाव आहे आणि 'कॅलोव्हियन' हे काळाचं. खडक हाताला लागतो, नकाशावर रंगवता येतो. काळ त्याच्यातून आरपार जातो. एकाच खडकाचा एक भाग एका काळात आणि दुसरा भाग पुढच्या काळात बसलेला असू शकतो. सह्याद्रीतही असंच केलंय. लाव्हाच्या राशीचे पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर असे गट पाडले ते रासायनिक घडणीवरून, आणि वय काढायचं ते वेगळं.

रात्री दापोलीला मुक्काम केला.

तिसरा दिवस : आत्याचं घर

दाभोळला उतरून फेरीबोटीने धोपावे गाठलं आणि दुपारी जेवायच्या वेळी आत्याकडे. भात झोडून झालेला, अंगणात पेंढ्याची उडवी. तुळशीवृंदावन गेरू लावून रंगवलेलं, उसाचा मांडव, चिंचा-आवळे लावलेले.

"अगो, किती वाळलीस! आणि ही एवढी उंच झाली?" आत्याने दोघींना एकदमच जवळ घेतलं. पानावर वालाची उसळ, घावन, ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी मी पडवीत आडवी झाले ती चार वाजता उठले.

संध्याकाळी तुळशीच्या लग्नाला देव्हाऱ्यातून नवरा आला. आत्याकडे नवरा म्हणून बाळकृष्ण नसतो, शाळीग्राम असतो. तिच्या आजेसासऱ्यांनी काशीयात्रेहून आणलेला. तांब्याच्या तबकात तुळशीच्या पानावर ठेवलेला, लिंबाहून जरासा मोठा, कोळशासारखा काळा. आत्याने पळीने पाणी घातलं. पाणी ओघळलं तशी दगडाची उघडी बाजू चमकली आणि चक्र उठून दिसलं. मी लहानपणापासून ते पाहत आलेय. पण या वेळी पणतीचा उजेड बाजूने पडला होता आणि कंगोरा न् कंगोरा वेगळा दिसत होता. आतल्या काठाहून एकेक बारीक कंगोरा निघतो, अर्ध्यावर दुभंगतो आणि दोन होऊन बाहेरच्या कडेला जातो. सगळीकडे तसंच, चुकत नाही. भाचीने माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, "मावशी, हा तुझ्या डब्यातल्यासारखाच आहे."

आहेच. गंडकीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला ज्युरासिकच्या उत्तरार्धातले आणि त्याच्या पुढच्या काळातले काळे शेल आहेत, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेले खडक. समुद्रतळाच्या चिखलात ॲमोनाइट गाडला गेला, त्याच्याभोवती चिखल आधी घट्ट होऊन गोळा झाला, पुढे हिमालय उचलला गेला, नदीने डोंगर कापला आणि ते गोळे वाहत, घासत खाली आले. म्हणजे कोकणात ज्युरासिक नाही, हे माझं ताम्हिणीतलं बोलणं पूर्ण खरं नव्हतं. ते इथे देव्हाऱ्यात होतं, आणि कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यांत आहे.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, मुलांनी ऊस पळवले. रात्री निजानीज झाल्यावर आत्याला मी हे सगळं सांगितलं. भीत भीतच सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे समुद्रातला जीव होता म्हणतेस. बरोबरच आहे. विष्णू क्षीरसागरातलाच." आणि मग तिनेच मला शाळीग्रामांचं वर्गीकरण सांगितलं. एका चक्राचा सुदर्शन, दोन चक्रांचा लक्ष्मीनारायण, पुढे चक्रं वाढतील तशी नावं. रंग, छिद्र, आकार सगळं बघतात. कुणाच्या घरी कुठला चालतो, कुठला उग्र, तेही ठरलेलं. ती बोलत होती आणि मला वाटत होतं की ही बाई लक्षणं पाहून गट पाडतेय, नेमकं आम्ही करतो तेच. आम्ही वेढे किती आणि किती एकमेकांवर चढलेत ते पाहतो, कंगोरे कुठे फुटतात ते पाहतो आणि आतल्या पडद्यांच्या कडांची नागमोडी रेष पाहतो. निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी लक्षणं निवडली, एवढाच फरक.

"मग याचं वय किती?" आत्याने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. तो तिथल्या थरात जागेवर मिळाला असता, तर त्याच्या वरखाली कुठले ॲमोनाइट आहेत ते पाहून नेमका टप्पा सांगता आला असता. नदीने सगळ्या थरांतले गोळे एकत्र केले. शिवाय ज्युरासिक कुठे संपतो नि क्रिटेशस कुठे सुरू होतो, त्या सीमेसाठी जगभराने मान्य केलेली खुणेची जागासुद्धा अजून ठरलेली नाही. ज्युरासिकच्या सुरुवातीसाठी ती ऑस्ट्रियात कुह्योख इथे ठरली, २०१० मध्ये, तीही एका ॲमोनाइटच्या पहिल्या दर्शनावरून. शेवटाचं घोंगडं भिजत पडलंय. कंगोऱ्यांवरून मी फार तर सांगू शकते की चौदा-पंधरा कोटी वर्षांच्या घरातला.

"चौदा-पंधरा कोटी," आत्या म्हणाली, आणि उठून देव्हाऱ्यातला दिवा सारखा करून आली.

चौथा दिवस : जयगडमार्गे रत्नागिरी

निघताना आत्याने फणसाच्या साटांची चवड दिली. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, तिथून रत्नागिरी. सडे पिवळे पडायला लागले होते. सगळीकडे जांभा. फ्रान्सिस बुकॅननने मलबारात याच्या विटा पाडताना पाहिल्या आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं 'लॅटराइट' केलं. आपला जांभा त्याच्या कितीतरी आधीपासून जांभाच आहे.

एका चिरेखाणीत उतरलो. यंत्राच्या पात्याने आडव्याउभ्या चिरा पाडलेल्या आणि खाणीची भिंत जिन्यासारखी. तिथल्या मुकादमाने हाक मारली, "काय, घर बांधताय काय?" म्हटलं, नाही, नुसतं बघतोय. त्याने आपणहून ओल्या चिऱ्याला नखाने ओरखडा काढून दाखवला. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, वारा लागला की टणक. जांभा बनतो तो बेसाल्टचं सगळं विरघळण्यासारखं पावसाने धुऊन नेलं आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं म्हणून. यात जीवाश्म टिकत नाहीत. आम्ल पाण्याने चुन्याचा शिंपला कधीच गेला असता.

पण जांभ्याच्या खाली गंमत आहे. रत्नागिरीच्या आसपास विहिरी खणताना जांभा फोडून खाली गेलं की काही ठिकाणी करडी माती आणि कोळशासारखा काळा लिग्नाइट लागतो, त्यात पानं, लाकूड. हा मायोसीन काळातला, म्हणजे ॲमोनाइट संपून कितीतरी कोटी वर्षं झाल्यानंतरचा. त्याचं वय मुख्यतः परागकणांवरून काढतात. परागाचं कवच इतकं चिवट की पान कुजलं तरी ते राहतं.

वनस्पतींवरून वय काढण्यात एक मोठा पेच कच्छमध्येच पडला होता. तो भाचीला रत्नागिरीच्या जेटीवर बसून सांगितला. उमिया गटात वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. ओटोकार फाइस्टमांटेलने ते तपासले आणि इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या मध्य ज्युरासिक पानांशी ते जुळतात असं त्याला दिसलं. पण त्याच गटातले ॲमोनाइट ज्युरासिकच्या अगदी अखेरचे होते. पानं म्हणतात जुना, शिंपले म्हणतात नवा. खोटं कोण बोलतंय? विल्यम ब्लॅनफर्डने १८८४ मध्ये मॉन्ट्रियलच्या भाषणात असे कितीतरी पेच एकत्र मांडले आणि सांगितलं की जमिनीवरची झाडं-प्राणी वेगवेगळ्या खंडांवर वेगवेगळ्या वेळी बदलतात. दोन ठिकाणी सारखी पानं मिळाली म्हणजे वेळ सारखी, असं धरून चालू नये. समुद्री जीव जास्त भरवशाचे. मला ही गोष्ट फार आवडते. निकाल काय लागला त्यापेक्षा, दोन साक्षी जुळत नाहीत म्हणून कुणी एकीला गप्प केलं नाही, हे मला मोलाचं वाटतं.

त्या रात्री लॉजवर मी डबा उघडला. भाचीच्या हातात माझं भिंग होतं, दोन दिवस ती वाळू, चिरा, भाकरी सगळंच त्यातून पाहत होती. तिने ॲमोनाइट घेतला आणि कंगोऱ्यांऐवजी थेट नाभीत भिंग लावलं.

"मावशी, इथे खसखस अडकलीय."

मी वीस वर्षं तो दगड बाहेरून पाहत होते. नाभीच्या तळाशी, वेढ्याच्या आडोशाला, नखभर मूळचा खडक चिकटून राहिला होता. त्यात खसखशीएवढे गोल दाणे, गंजासारखे तपकिरी, मधली भर हिरवट करडी. एक दाणा फुटलेला होता आणि त्याच्या आत कांद्यासारख्या पापुद्र्यांच्या कडा दिसत होत्या. हेच ते ऊलाइटचे दाणे. उथळ समुद्रतळावर एखादा कण इकडून तिकडे लोळत राहतो आणि त्याच्यावर थरावर थर चढतात.

हे का महत्त्वाचं, ते सांगते. माझा ॲमोनाइट फुगीर आणि दाट कंगोऱ्यांचा आहे. कच्छमध्ये अशा अंगाचे दोन आहेत. एक मॅक्रोसेफॅलाइटिस, दुसरा मायाइटिस. दिसायला इतके सारखे की पूर्वीच्या अभ्यासकांनाही ते वेगळे करायला कष्ट पडले. विल्हेल्म वागेनने १८७३ ते १८७५ मध्ये कच्छच्या ॲमोनाइटांवर मोठा ग्रंथ लिहिला. मायाइटिसला वेगळी प्रजाती म्हणून उभं केलं ते पुढे विसाव्या शतकात स्पाथने. मॅक्रोसेफॅलाइटिस मुख्यतः कॅलोव्हियनचा. युरोपात तो दिसला की कॅलोव्हियन लागला असं धरायची रीत होती. कच्छमध्ये मात्र तो बॅथोनियनच्या अखेरीसच हजर होतो. मायाइटिस ऑक्सफर्डियनचा, आणि तो कच्छ, मादागास्कर, पूर्व आफ्रिका अशा ठिकाणी मिळतो. दोघांत काही दशलक्ष वर्षांचं अंतर. सोनेरी ऊलाइट कॅलोव्हियन, धोसा ऊलाइट ऑक्सफर्डियन. नुसत्या रूपावरून ठरत नव्हतं, आणि चिठ्ठी मी लिहिली नव्हती.

सोनेरी ऊलाइटचे दाणे नावाप्रमाणे सोनेरी झाक मारतात. हे तपकिरी होते. धोसाकडे पारडं झुकतं. पण उन्हापावसाने रंग बदलतो, दोन्हींत लोखंड आहे. पुण्याला जाऊन त्या नखभर खडकाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघेन, तेव्हाच छातीवर हात ठेवून बोलेन. तरी त्या रात्री मला झोप येईना. दगडाने आपल्या थराचा चिमूटभर तुकडा इतकी वर्षं पोटाशी धरून ठेवला होता.

पाचवा दिवस : कशेळी, देवगड, मालवण

दिवस गाडीतच गेला. कशेळीला कातळावरचा प्रचंड हत्ती पाहिला, त्याच्या पोटात कोरलेले इतर प्राणी. कातळशिल्पांचं वय काढणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं, कारण शिल्पाला थरच नसतो. वर माती साठलेली नाही, खाली काही पुरलेलं नाही, आधार फक्त आकृतींचा आणि आसपास मिळणाऱ्या हत्यारांचा. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. भाचीने दगडाला हात लावला नाही. सांगावं लागलं नाही.

देवगडपर्यंत काळा बेसाल्ट आणि जांभा यांची सोबत होती. मालवणला रात्री उशिरा पोचलो.

सहावा दिवस : मालवण

सकाळी कुडाळच्या रस्त्याला लागलो आणि एका ओहोळापाशी थांबलो. पाणी घोट्याएवढं. पात्रातला खडक आता काळा नव्हता. गुलाबी-पांढऱ्या आणि करड्या पट्ट्यांचा, वळलेला, जुन्या लुगड्याच्या घडीसारखा. ग्नाइस. वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त. याच जिल्ह्यात त्याच्यावर बसलेले कलादगी गटाचे वालुकाश्मही आहेत, तेही अतिप्राचीन. आणि त्यांच्यावर एकदम ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा.

मधलं काय झालं? भाचीने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मधल्या वहीची पानंच नाहीत. ज्युरासिकची सगळी साडेपाच कोटी वर्षं त्या फटीत आहेत. त्या वेळी ही जमीन गोंडवना या जुन्या महाखंडाच्या आत होती, मादागास्कर अजून शेजारी चिकटलेलं. इथे समुद्र आला नाही. समुद्र नाही म्हणून गाळ नाही आणि ॲमोनाइट नाही. डोंगर असतील, नद्या असतील, प्राणीही हिंडले असतील, पण जमिनीवर झीज होते, साठत नाही. तिकडे कच्छमध्ये आफ्रिकेपासून भारत-मादागास्कर सुटू लागले तशी जमीन खचली आणि समुद्र आत आला. म्हणून तिथे ॲमोनाइट, आणि म्हणूनच लोडाई गावाजवळ साडेपाच मीटर लांबीचा इक्थिओसॉर हा समुद्रात राहणारा सरीसृप, ज्याचं वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचाही काळ सोबत मिळालेल्या ॲमोनाइटांवरूनच सांगितला, किमेरिजियन, म्हणजे ऑक्सफर्डियननंतरचा टप्पा.

ओहोळाच्या काठावरून गुरं घेऊन एक आजी चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "काय गो बायांनो, काय हरवला?" भाची पटकन म्हणाली, "पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा थर, आजी." आजींनी ओहोळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "पावसात वाहून गेला असतला." मी हसले नाही. ज्या थोड्या ठिकाणी काही साठलं असेल, तिथे नेमकं तेच झालं असणार.

संध्याकाळी चिवल्याच्या पुळणीवर बसून चिठ्ठी लिहायला घेतली. जाड कागद, पेन्सिल. शाई पाण्याने फुटते. ठिकाण : कच्छ. वर्ष लिहिलं. गोळा करणारी म्हणून माझं नाव लिहिलं. थराच्या जागी 'धोसा ऊलाइट' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. नावाच्या जागी 'मायाइटिस', तिथेही प्रश्नचिन्ह. भाची म्हणाली, "आधार काय तेही लिही ना." मग खाली एक ओळ लिहिली : नाभीत चिकटलेला मूळ खडक, तपकिरी दाणे, भिंगाखाली, रत्नागिरी. आणि ते शोधणारीचं नाव. ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, कंसात इयत्ता दहावी.

कागदाची घडी करून कापसाखाली ठेवली आणि डब्याचं झाकण लावलं. होड्या परतत होत्या. रापणीची माणसं दोर आवरत होती.